गिरणीत सापडलेल्या बुगाटी

जुन्या गाड्यांचं वेड असलेल्या श्रीमंत माणसांच्या गोष्टी साधारण एकाच साच्यातल्या असतात. धंद्यात पैसा कमावला, निवृत्त झाले, मग गॅरेजमध्ये रमले. माणूस गेल्यावर लोक म्हणतात, वा, काय शौकीन होता! फ्रिट्झ श्लुम्फची गोष्ट या साच्यात बसत नाही. या माणसाची आठवण कशी काढायची, हे मला अजून धड ठरवता आलेलं नाही. तुम्हीच बघा.

हान्स (जन्म १९०४) आणि फ्रिट्झ (जन्म १९०६) हे दोघे भाऊ. जन्म इटलीत, वडील स्विस, आई फ्रान्सच्या अल्सास प्रांतातल्या म्युलूझची. वडील लवकर गेले आणि आई मुलांना घेऊन माहेरच्या गावी परतली. फ्रिट्झ लोकरीच्या व्यापारात शिरला. १९३५ मध्ये दोघांनी मिळून लोकरीची कंपनी काढली आणि १९४० पर्यंत वयाच्या चौतिशीत फ्रिट्झ माल्मर्सपाखच्या सूतगिरणीचा अध्यक्ष झाला. पुढे एकेक गिरणी घेत दोघे त्या भागातले मोठे शेठ बनले.

आता बुगाटी. एत्तोरे बुगाटीसुद्धा जन्माने इटालियन आणि त्याचा कारखानाही अल्सासमध्येच, मोल्सहाइमला. फ्रिट्झसाठी ही घरची गाडी, स्वतः तो ती शर्यतीतही चालवायचा. आणि गाड्या तरी कसल्या! बुगाटीची 'रॉयाल' घ्या. इंजिन जवळपास १२.७ लिटरचं. आपल्या मारुती ८०० ची सोळा इंजिनं एकत्र केली की साधारण तेवढं होतं. राजेरजवाड्यांसाठी काढलेली ही गाडी १९२९ नंतरच्या मंदीत सापडली. सहाच बनल्या, त्यातल्या तीनच बाहेरच्या गिऱ्हाइकांना विकल्या गेल्या. या इंजिनांचं करायचं काय? बुगाटीने ती चक्क रेल्वेच्या डब्यांना बसवली आणि त्यावर धंदा केला. अशा जुगाडाला माझा सलाम.

१९४७ मध्ये एत्तोरे गेला आणि कंपनीची घसरण सुरू झाली. १९६३ मध्ये ती विकली गेली, त्या सुमारास फ्रिट्झने थेट कारखान्यातल्याच गाड्या उचलल्या, त्यात एक रॉयाल. १९६४ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉयमधल्या एका संग्राहकाकडून एकदम तीस बुगाटी घेतल्या. त्या मालगाडीच्या उघड्या वाघिणींवर रांगेत लादून निघाल्या, त्याचे फोटो आजही बघायला मिळतात. त्यात दुसरी रॉयाल होती. म्हणजे जगातल्या सहापैकी दोन या एका माणसाकडे.

आणि हे सगळं गुपचूप! म्युलूझमधल्या एका जुन्या गिरणीत गाड्या येत होत्या. सुतार, मेकॅनिक, चामड्याचं काम करणारे कारागीर आत राबत होते आणि बाहेर ब्र काढायची परवानगी नव्हती. पॅरिसच्या अलेक्झांडर पुलावरच्या दिव्यांसारखे शेकडो दिवे करून आत लावले होते. दोघा भावांनी हे संग्रहालय आईच्या स्मृतीला वाहिलं होतं. चारशेहून जास्त गाड्या, त्यात शंभराहून अधिक बुगाटी. फक्त दरवाजा उघडायचा बाकी होता.

तो उघडला, पण शेठजींनी नाही. सत्तरच्या दशकात युरोपातला कापडधंदा कोसळत होता. १९७६ मध्ये श्लुम्फच्या गिरण्यांत कपात आणि संप सुरू झाले. चिडलेल्या कामगारांनी भावांच्या बंगल्याला वेढा घातला, शेवटी पोलिसांच्या संरक्षणात दोघे सीमा ओलांडून स्वित्झर्लंडमध्ये बाझलला गेले. कंपनीचा पैसा गाड्यांकडे वळवल्याचे आरोप झाले, अटक वॉरंट निघाली. ७ मार्च १९७७ ला कामगार म्युलूझच्या गिरणीत घुसले.

कल्पना करा हो. तुमची नोकरी जातेय, मालक म्हणतो पैसे नाहीत, आणि तुम्ही दार ढकलून आत जाता तर समोर झगझगीत दिव्यांखाली गाड्यांच्या रांगाच रांगा! माझ्या हातात पाना असता तर मी काय केलं असतं, सांगता येत नाही. रागाच्या भरात एक ऑस्टिन जाळली गेलीही. पण मग हात थांबले. सीएफडीटी या कामगार संघटनेने जागेला 'कामगारांचा कारखाना' असं नाव दिलं, दोन वर्षं ताबा ठेवला, गाड्या सांभाळल्या आणि लोकांना बघायला आत सोडलं. लाखो लोक येऊन गेले.

१९७८ मध्ये सरकारने संग्रहाला ऐतिहासिक वारशाचा दर्जा दिला. त्यामुळे तो तुकड्यातुकड्यांनी देशाबाहेर विकला जाण्याची वाट बंद झाली. १९८१ मध्ये म्युलूझ शहर, जिल्हा, प्रांत वगैरेंच्या संस्थेने तो ४ कोटी ४० लाख फ्रँकला घेतला. जुलै १९८२ मध्ये संग्रहालय रीतसर उघडलं, त्याच गिरणीत.

तारीख वाचून मी जरा थबकलो. त्या जुलैत आपल्या गिरणगावातल्या संपाला सहा महिने होत आले होते, तो १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला. आपल्याकडे पुढे कित्येक गिरण्यांच्या जागी मॉल आणि टॉवर आले. तिथे निदान गिरणी उभी राहिली. अर्थात, गिरणी वाचली म्हणून तिथल्या नोकऱ्या वाचल्या असं नाही. त्या गेल्याच.

हान्स १९८९ मध्ये गेला, फ्रिट्झ १९९२ मध्ये. आज त्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या नावात 'श्लुम्फ संग्रह' हे शब्द आहेत. मला ते योग्यच वाटतं. एवढा ध्यास नसता तर यातल्या किती गाड्या भंगारात गेल्या असत्या! पण पाटीवर नाव एकाच घराण्याचं आहे, हे काही पटत नाही. ज्यांच्या घामाच्या पैशावर गाड्या आल्या आणि ज्यांनी हातात आल्यावरही त्या मोडल्या नाहीत, ते सूत कातणारेही या संग्रहाचे धनी आहेत. कधी म्युलूझला गेलो तर रॉयाल बघेनच, तासभर बघेन. पण त्याआधी त्या गिरणीच्या भिंती नीट बघून घेईन.