रात्रीचे ट्रक कुणाच्या झोपेतून जातात?

आजचा भाग ट्रकवर आहे. ट्रकवर आणि झोपेवर. जे ऐकण्याऐवजी वाचताय त्यांच्यासाठी: बोलण्यातलं थोडं कापलंय, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.

एक कल्पना अधूनमधून डोकं वर काढते. दिवसा रस्त्यावर पाय ठेवायला जागा नाही, तर मालाच्या गाड्या रात्री सोडा. आवाजाचे नियम जरा सैल करा, दुकानं रात्रीच भरून घ्या, सकाळी रस्ते मोकळे. मार्च २०२० मध्ये कोविडची धास्ती पसरली आणि ब्रिटनमधल्या सुपरमार्केटांची फळ्या-कपाटं रिकामी व्हायला लागली, तेव्हा तिथल्या सरकारने असंच केलं. रात्रीच्या डिलिव्हरीवरचे निर्बंध ढिले केले.

ऐकायला बरं वाटतं. पण हेच गिरगावातल्या नाहीतर लालबागमधल्या माणसाला सांगून बघा. तो म्हणेल, अहो, आमच्याकडे ट्रक येतोच रात्री!

आणि ते खरं आहे. का येतो ते बघू. मुंबईत या विषयाच्या दोन वह्या आहेत.

पहिली वही वाहतूक पोलिसांची. दक्षिण मुंबईत अवजड वाहनांना सकाळी सातपासून मध्यरात्रीपर्यंत बंदी, काही ठरावीक रस्ते आणि अत्यावश्यक माल सोडून. बाकी शहरात सकाळ-संध्याकाळच्या गर्दीच्या तासांना बंदी. मग दहा टायरचा ट्रक काळबादेवीत शिरणार कधी? बारा वाजून गेल्यावर.

दुसरी वही ध्वनिप्रदूषणाच्या नियमांची. हे नियम १४ फेब्रुवारी २००० चे. (हो, व्हॅलेंटाइन डेचे.) निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. व्यापारी भागात ६५ आणि ५५. हॉस्पिटल, शाळा, कोर्ट यांच्या आसपासच्या शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. आणि रात्र म्हणजे कधी? दहा ते सहा.

म्हणजे एका वहीने ट्रकला रात्रीत ढकललं आणि दुसरीने सांगितलं, रात्री आवाज करू नका. या दोन वह्या एकमेकींशी बोलत नाहीत. म्हणून माझं म्हणणं असं, की मुंबईत रात्रीच्या मालवाहतुकीसाठी आवाजाचे नियम सैल करायचे का, हा प्रश्नच उशिरा विचारला जातोय. ते सैल झालेले आहेतच. फक्त त्यावर कधी कुणी समोरासमोर बसून निर्णय घेतला नाही, की कुणाची झोप जाणार हे ठरवलं नाही.

आता जरा लांब जाऊ, कारण हा घोळ आपल्या एकट्याचा नाही आणि नवाही नाही. दोन हजार वर्षांपूर्वीचं रोम. रस्ते अरुंद, गर्दी बेसुमार. इसवी सनापूर्वी ४५ च्या सुमाराचा एक कायदा ज्युलियस सीझरच्या नावावर सांगितला जातो. त्यात होतं: सूर्योदयापासून दिवसाच्या दहाव्या तासापर्यंत, म्हणजे आपल्या हिशेबाने साधारण चार वाजेपर्यंत, शहरात मालाच्या गाड्या नकोत. अपवाद कशाला? देवळांच्या बांधकामाचं सामान, सार्वजनिक कामं, पाडकामाचा राडारोडा. हा अपवाद लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

परिणाम काय झाला? गाड्या रात्री आल्या. दगडी रस्ता आणि लोखंडी धावा मारलेली चाकं, विचार करा. पुढे दीडशे वर्षांनी जुव्हेनल नावाचा कवी कुरकुरतो की या शहरात भाड्याच्या घरात झोप लागत नाही, इथे झोपायला मोठी संपत्ती लागते. माणसं जागरणाने मरतात असंही तो म्हणतो. कवी आहे, वाढवून सांगत असेल. पण भाडेकरू जागतो आणि वाडेवाला झोपतो, हे त्याने बरोबर पकडलं होतं.

बरं, परत परळला येऊ.

गिरणगावात रात्र शांत असणं हीच मुळात नवी गोष्ट आहे. १९०५ च्या सुमाराला गिरण्यांमध्ये विजेचे दिवे आले. तोपर्यंत उजेड संपला की काम संपायचं. दिवे आले आणि कामाचे तास चौदा-पंधरापर्यंत ताणले गेले. कामगार चिडले, त्या वर्षी गिरण्यांवर दगड पडले. शेवटी १९११ च्या फॅक्टरी कायद्याने कापड गिरण्यांतल्या पुरुष कामगारांचा दिवस बारा तासांवर आणला. पुढे पाळ्या आल्या, रातपाळी आली, भोंगे आले. चाळीतल्या एकेका गाळ्यात गावाकडून आलेले पुरुष पाळीपाळीने झोपायचे; एक कामावर गेला की त्याच्या जागेवर दुसऱ्याची वळकटी. लोकांना भोंग्याचा त्रास व्हायचा का? मी जुन्या माणसांना विचारलं की ते उलटंच सांगतात: भोंगा बंद पडला तेव्हा झोप उडाली. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि अडीच लाखांच्या आसपास माणसं बाहेर बसली, त्यानंतरची ती शांतता.

पण या आठवणीचा कुणी गैरफायदा घेऊ नये. गिरणीच्या आवाजात त्या घराची भाकरी होती. आज वाडीच्या तोंडाशी पहाटे तीनला रिव्हर्स घेणाऱ्या ट्रकमध्ये, जो रिव्हर्सचं ते टिंगटिंग गाणं वाजवत असतो, तुमच्या घरचं काहीच नसतं. जानेवारी २०२० मध्ये राज्य सरकारने मॉल आणि मिल कंपाउंडमधली दुकानं-हॉटेलं चोवीस तास उघडी ठेवायला परवानगी दिली, तीही अनिवासी भाग म्हणून. कंपाउंडच्या भिंतीपलीकडे चाळ आहे, पण नकाशावर भिंत जाड दिसते. आणि आपण रात्री साडेबाराला फोनवरून चिप्स मागवतो ना, ती ज्या गाळ्यातून येतात तो गाळाही कुणीतरी कधीतरी भरलेला असतो.

इथे एका माणसाबद्दल बोलायलाच हवं, कारण आवाजाच्या चर्चेत तो कधी येत नाही. ट्रक स्वतःहून रिकामा होत नाही. तो माथाडी रिकामा करतो. अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला. डोक्यावर, पाठीवर ओझं वाहणाऱ्यांना मंडळामार्फत मजुरी, प्रॉव्हिडंट फंड मिळायला लागला. देशातल्या हमालांसाठीचा हा फार मोठा कायदा, आणि तो मुंबईत घडला. यातले कितीतरी लोक साताऱ्याकडचे. आपण जेव्हा सहज म्हणतो, माल रात्री उतरवा, तेव्हा आपण कुणाची तरी पाळी बदलत असतो. ट्रॅफिकच्या हिशेबात ती कुठे धरलेली मला तरी दिसत नाही.

१९९६ मध्ये भायखळा आणि क्रॉफर्ड मार्केटातला भाजी-फळांचा घाऊक व्यापार वाशीच्या बाजार समितीत गेला. त्यामुळे मोठे ट्रक खाडीपलीकडे थांबतात आणि तिथून टेम्पो पहाटे शहरात येतात. दादर स्टेशनच्या पश्चिमेला पहाटे चारला जाऊन बघा. भाजीच्या जुड्या, फुलांच्या करंड्या, दसऱ्याच्या आदल्या रात्री तर झेंडूचे डोंगर. २००५ मध्ये ‘छोटा हत्ती’ बाजारात आला आणि बंदीवर हा एक उपाय सापडला: एका ट्रकचा माल चार छोट्या गाड्यांत. एक इंजिन गेलं, चार आली.

आता गिरगाव. इथे दुसऱ्या वहीची खरी परीक्षा होते. खाली दुकान, वर बिऱ्हाडं, मागे कारखाना, बाजूला देऊळ. हा भाग निवासी की व्यापारी? नियम म्हणतात, मिश्र भाग असेल तर अधिकाऱ्याने चारपैकी एक प्रकार जाहीर करावा. निवासी म्हटलं तर रात्री ४५, व्यापारी म्हटलं तर ५५. डेसिबलचं गणित सरळ चढत नाही. दहाने वाढ म्हणजे कानाला जवळजवळ दुप्पट. कागदावरच्या एका शब्दाने दुसऱ्या मजल्यावरच्या आजींची रात्र दुप्पट आवाजाची होऊ शकते.

आणि मग मेट्रो ३ आली. कुलाबा ते आरे, साडेतेहतीस किलोमीटर, जमिनीखालून, गिरगाव आणि काळबादेवीच्या जुन्या इमारतींच्या पायाखालून. बोगदा खणताना दगड-माती निघते, आणि ती डंपरने न्यावी लागते. डंपर दिवसा दक्षिण मुंबईत चालवता येत नाही, पहिली वही. रात्री निवासी भागात आवाज करणारी बांधकामाची यंत्रं चालवता येत नाहीत. दुसरी वही, २०१० ची दुरुस्ती. दोन्ही वह्या पहिल्यांदाच एका टेबलावर आल्या, आणि ते टेबल होतं मुंबई उच्च न्यायालयाचं. कफ परेडच्या एका वकील रहिवाशाच्या याचिकेवर २०१७ च्या अखेरीस न्यायालयाने रात्री दहा ते सहा काम थांबवायला सांगितलं. ऑगस्ट २०१८ मध्ये ती मनाई उठली. रोमचा अपवाद आठवला? सार्वजनिक कामं आणि राडारोडा. दोन हजार वर्षांत यादी फारशी बदललेली नाही.

मी मेट्रोच्या विरोधात नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ परेडपर्यंतचा शेवटचा टप्पा सुरू झाला, आणि आता गिरगावातून बीकेसीला गार हवेत जाता येतं. पण त्या खटल्यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते. तिथे निदान कुणीतरी कुणालातरी उत्तर देत होतं. न्यायाधीश विचारत होते, आवाज किती, का, कधीपर्यंत. रोजच्या मालाच्या ट्रकला असं विचारणारं कुणी नाही. २०१० च्या त्या दुरुस्तीत रात्रीच्या निवासी भागासाठी हॉर्न आहे, आवाजाचे फटाके आहेत, बांधकामाची यंत्रं आहेत. ट्रकमधून माल उतरवणं त्या यादीत नाही. सणासुदीच्या लाउडस्पीकरवर मात्र वर्षातले पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंतची सूट, आणि त्या सुटीवर सुप्रीम कोर्टापर्यंत, २००५ मध्ये, सविस्तर वाद. लालबागमध्ये राहणाऱ्याला ते पंधरा दिवस तोंडपाठ असतात. उरलेल्या साडेतीनशे रात्रींवर वाद नाही.

अजून एक तांत्रिक गोष्ट, कंटाळू नका. आपल्या नियमातले ४५ डेसिबल ही सरासरी आहे. ठरावीक वेळेतल्या आवाजाची सरासरी. आता ट्रकचा फाळका आठवा. रात्री अडीचला साखळी सुटते आणि फाळका धाडकन पडतो. एक सेकंद. रात्रभराच्या सरासरीत तो सेकंद विरघळून जातो, पण बाळ उठतं ते त्या सेकंदाला.

नेदरलँड्समध्ये १९९० च्या दशकाच्या शेवटी याच मुद्द्यावर काम सुरू झालं. कार्यक्रमाचं नाव ‘पीक’. डच भाषेत त्याचा अर्थच शिखर, आवाजाचं शिखर. रात्री अकरा ते सकाळी सात माल उतरवताना साडेसात मीटरवर ६० डेसिबलच्या वर आवाज जाता कामा नये. मग गाडीच्या तळाला रबर, ढकलगाड्यांना मऊ चाकं, आवाज न करणाऱ्या लिफ्ट, अशी उपकरणं तयार झाली. तिथे रात्रीच्या डिलिव्हरीला दार उघडलं, पण कुलपाची किल्ली सरासरीऐवजी फाळक्याच्या हातात दिली.

आपल्याकडे हे कसं होईल? अवघड आहे, खोटं कशाला सांगू. आपले ट्रक जुने, मालक छोटे, एकेका गाडीवर कर्ज. रबराचे पैसे कोण देणार? माझ्या मते माल मागवणारा मोठा दुकानदार आणि गोदामवाला. ट्रकवाला नक्कीच नाही. आणि वाहतूक पोलीस जेव्हा दिवसाच्या बंदीची पुढची अधिसूचना काढतील, तेव्हा त्याच कागदावर रात्री माल उतरवण्याची एक ओळ हवी: फाळका कसा उघडायचा, इंजिन बंद, रिव्हर्सचं गाणं बंद. पोलिसांना हे नवीन नाही, ते हॉर्नच्या पावत्या फाडतातच.

तुमच्या गल्लीत पहिला ट्रक किती वाजता येतो, काय घेऊन येतो, आणि किती माणसं तो रिकामा करतात? एक मिनिटाची व्हॉइस नोट पाठवा. खिडकीतून रेकॉर्ड केलेली असेल तर उत्तम, फक्त कुणाचा चेहरा आणि गाडीचा नंबर नको. पुढचा भाग लालबागच्या मसाला गल्लीवर आहे, डंखांच्या आवाजासकट.