जुन्या नावाने हाक

आमच्या घरातल्या १९३८ च्या खरेदीखतावर जिल्हा 'पूर्व खानदेश' लिहिलेला आहे. त्याआधी, १८८० च्या गॅझेटियरमध्ये, जिल्हा नुसता खानदेश आणि आमचं गाव सावदा स्वतःच तालुका. आज आम्ही रावेर तालुक्यात. १९०६ मध्ये खानदेशाचे पूर्व-पश्चिम असे दोन जिल्हे झाले, १९६० मध्ये पूर्व खानदेशाचा जळगाव जिल्हा झाला. शेत जिथल्या तिथे राहिलं. पण जुना कागद काढायचा तर त्या वेळचं नाव सांगावं लागतं, हे आजोबांनी मला लहानपणीच शिकवलं.

ते शिकणं २०१३ मध्ये कामी आलं. गावातल्या एका केळीच्या पेढीत मी संगणक सांभाळायचो. कुठल्या बागेत कटाई, काट्यावर वजन किती, कोणता ट्रक दिल्लीला निघाला, हे सारे निरोप पेढीतल्याच ईजॅबर्डी नावाच्या चॅट सर्व्हरवरून जात. अलेक्सी श्चेपिनने तो २००२ मध्ये लिहायला घेतला. ज्या अर्लांग भाषेत तो लिहिला, ती १९८० च्या दशकात एरिक्सन कंपनीत टेलिफोन एक्स्चेंजसाठी घडली. सुरुवातीचं व्हॉट्सअ‍ॅपही ईजॅबर्डीवरच उभं होतं.

त्याची माहिती नीशिया या डेटाबेसमध्ये राहते. मूळ नाव 'अ‍ॅम्नेशिया', म्हणजे स्मृतिभ्रंश; डेटाबेसला असलं नाव नको म्हणून पुढचा 'अ' काढला. तक्ते कोणत्या मशीनचे, हे नीशिया मशीनच्या नावासकट लिहून ठेवतो.

पेढीच्या शाखा वाढल्या तेव्हा मशीनचं नाव 'केळी' होतं ते 'सावदा' केलं. दुसऱ्या दिवशी सर्व्हर सुरूच होईना. एकाने सुचवलं, डेटाबेसचा फोल्डर उडवा, नव्याने बसवा. मी हात लावू दिला नाही.

"भाऊ, सगळं गेलं का?" मालक तात्यांनी विचारलं.

"नाही तात्या. जुन्या नावाने हाक मारली की उठेल."

आधी फोल्डरची नक्कल काढली. ते केल्याशिवाय पुढे जाऊच नये. मग तेवढ्यापुरता सर्व्हर जुन्याच नावाने सुरू केला, बॅकअप घेतला, सर्व्हर बंद केला. जुन्या फाइली बाजूला ठेवून नव्या नावाने कोरा सर्व्हर उठवला. बॅकअपमधलं नाव बदलून देणारा आदेश ईजॅबर्डीतच असतो. त्याला जुनं नाव, नवं नाव आणि जुन्या-नव्या बॅकअपच्या फाइली सांगितल्या. मग बदललेला बॅकअप सर्व्हरमध्ये भरला, सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला. मशीनचं नाव पुन्हा बदललं तरी अडू नये म्हणून सर्व्हरचं हे नवं नाव मी आधीच सेटिंगमध्ये 'लोकलहोस्ट'ला बांधून ठेवलं होतं.

खाती आली, संपर्कयादी आली. तात्यांनी लॉगिन केलं आणि आदल्या संध्याकाळपासून अडकलेला निरोप त्यांच्या पडद्यावर उमटला: कांदेबागेची केळी तयार आहे, सकाळी दोन गाड्या पाठवा.