वानर आणि बोंडअळी : परभणीच्या शेतातील दोन उपद्रव

परभणी जिल्ह्यात गोदावरी, दुधना आणि पूर्णा यांच्या काठच्या काळ्या जमिनीत काळ्या तोंडाचे वानर आणि गुलाबी बोंडअळीचा पतंग हे दोघेही पिकाचे शत्रू मानले जातात. मात्र वानर दिवसाढवळ्या टोळीने येते, तर सेंटिमीटरभरही लांब नसलेला करडा पतंग रात्री उडतो आणि त्याचा उपद्रव फूल मिटून ‘डोमकळी’ झाल्यावरच ध्यानात येतो. वानराची मादी सुमारे साडेसहा महिन्यांच्या गर्भकाळानंतर बहुधा एकच पिल्लू देते, पतंगाची पिढी मात्र उबदार हवामानात महिनाभरात पुरी होते. गावोगावच्या मारुतीमुळे शेतकऱ्याने वानराला हाकारे आणि गोफण यांवरच रोखले, आणि 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला कायद्याचेही कवच दिले. पतंगाच्या वाट्याला अशी माया आली नाही.

शास्त्रीय नोंदीत वानराला 1797 मध्ये, तर या पतंगाला भडोचहून पाठवलेल्या नमुन्यांवरून 1843 मध्ये नाव मिळाले. पुढचे प्रवास मात्र वेगळे झाले. वानर भारतीय उपखंडातच राहिले. हंगामअखेरची बोंडअळी सरकीच्या आत महिनोन्‌महिने सुप्तावस्थेत, म्हणजे वाढ थांबवून, पडून राहत असल्यामुळे तिला व्यापाराने विसाव्या शतकाच्या आरंभी इजिप्तला आणि तेथून 1917 पर्यंत टेक्सासला पोहोचवले. या प्रवासाचे श्रेय पंखांपेक्षा सरकीच्या पोत्यांनाच अधिक द्यावे लागते.

निजामाच्या राजवटीत परभणी परिसरात गावरान कापूस होता. पुढे अमेरिकी जातीचे संकरित वाण आले, जायकवाडीच्या डाव्या कालव्याने पाणी आले आणि 2002 मध्ये बोंडअळ्यांना मारक प्रथिन झाडातच तयार करणाऱ्या बीटी कापसाला परवानगी मिळाली. शेतकऱ्याने पाणी देऊन जुन्या झाडांवर दुसरे पीक, म्हणजे फरदड, घेण्याची सवय लावून घेतली, त्यामुळे अळीला हिवाळाभर खाद्य मिळाले. बीटी प्रथिनांशी सतत गाठ पडून तिच्यात प्रतिकारशक्तीही आली, आणि 2017 च्या हंगामात महाराष्ट्रभर कापूस सडला. तो केवळ निसर्गाचा कोप मानता येत नाही, कारण पीकपद्धतीनेच त्याला वाट करून दिली होती.

अमेरिकेने कपाशीची ठरावीक वेळी काढणी, वंध्य पतंग सोडणे आणि बीटी वाण यांची सांगड घालून 2018 मध्ये ही कीड देशातून संपल्याचे जाहीर केले. इकडे फरदड न घेता डिसेंबरअखेर वेचणी संपवून पऱ्हाट्या शेताबाहेर काढाव्यात आणि नर पतंगांवर लक्ष ठेवण्यासाठी कामगंध सापळे लावावेत, असा सल्ला दिला जातो.