दात दाखवून अवलक्षण

दात दुखत नसताना दाताच्या डॉक्टरकडे आपल्या पायांनी चालत गेलेला माणूस आमच्या घराण्यात माझ्याआधी झालेला नाही. आजोबा दात ठणकला की भुईरिंगणीच्या बियांची धुरी घेत. त्या धुराने दातातली कीड गुंगून खाली पडते असा त्यांचा अनुभव होता. ती पडलेली कीड त्यांनी कधी कुणाला दाखवली नाही. दात मात्र एकेक करून सगळे पडले. वडील त्या मानाने सुधारक. ते लवंग धरीत. लवंग हरली की लवंगेचं तेल आणि तेलही हरलं की गालावरून मफलर बांधून डॉक्टरकडे जात व तिथे दोनच शब्द बोलत, "काढून टाका."

मी गेलो यात शौर्याचा भाग नाही. चिरंजीवांच्या कंपनीने काढलेल्या विम्यात आईवडिलांच्या दातांची तपासणी वर्षातून एकदा फुकट होती आणि वर्ष ३१ मार्चला संपत होतं. फुकट ते पौष्टिक! पण आमची सौ. याबाबतीत माझ्याही पुढे. "फुकट आहे म्हणून नुसतं तोंड वासून येऊ नका," ती म्हणाली, "चार गोष्टी विचारून या. वसूल करा."

आता मी पडलो इतिहासाचा मास्तर. निवृत्त झालो तरी खोड जात नाही. वसूल करायचं म्हणजे तयारी हवी आणि तयारी म्हणजे ग्रंथालय. दोन दिवस तिथे ठिय्या दिला आणि एक गोष्ट ध्यानात आली. माणसाने दातांसाठी जे जे काही केलं, ते दुखायला लागल्यावर केलं. दुखत नसताना तोंड उघडून दाखवणं हा प्रकार इतिहासात अगदी कालपरवाचा.

बलुचिस्तानात बोलन खिंडीच्या पायथ्याशी मेहरगढ म्हणून प्राचीन वस्ती आहे. तिथल्या दफनभूमीत ९ माणसांच्या ११ दाढा अशा मिळाल्या, की ज्यांना गारगोटीच्या टोकाने व्यवस्थित भोकं पाडलेली होती. काळ, आजपासून साडेसात ते नऊ हजार वर्षांपूर्वीचा. २००६ साली हे प्रसिद्ध झालं. भोकांच्या कडा चावून चावून झिजल्या होत्या, म्हणजे ही मंडळी त्यानंतरही जेवतखात होती. त्याच गावात मणी घडवणारे कारागीर होते. मण्याला भोक पाडणाऱ्या हाताने शेजाऱ्याची दाढही कोरली असावी, असा तज्ज्ञांचा कयास. कोरणाऱ्याचं मला कौतुक वाटतं, पण खुर्ची, दिवा, इंजेक्शन यांतलं काहीही नसताना जो 'आ' करून बसला, त्याचा पुतळा उभारायला हवा.

इंग्लंडच्या पहिल्या एलिझाबेथ राणीला मात्र ही छाती झाली नाही. १५७८ साली तिची दाढ इतकी दुखली, की रात्र रात्र झोप नाही. पण काढू देईना. शेवटी लंडनचे बिशप जॉन एल्मर पुढे झाले. वय झालेलं, तोंडात दात मोजके. तरी राणीसमोर त्यांनी स्वतःचा एक दात उपटून घेतला आणि दाखवून दिलं, की बाईसाहेब, वाटतं तेवढं काही नाही. तेव्हा कुठे राणी तयार झाली. एवढं होऊनही तिने बोध काही घेतला नाही. वीस वर्षांनी, १५९८ साली, हेन्ट्सनर नावाचा जर्मन प्रवासी दरबारात गेला, त्याने राणीचे दात काळे असल्याचं लिहून ठेवलं आहे. कारण म्हणून त्याने साखरेकडे बोट दाखवलं.

आजोबांची कीडसुद्धा काही आमच्या आळीतली नव्हे. बाबिलोनच्या मातीच्या विटांवर ती आहे, सुश्रुताच्या यादीत 'कृमिदंतक' म्हणून आहे. पुढे पॅरिसचा पियेर फोशार भेटला. याने सूक्ष्मदर्शकातून पाहिलं आणि किडा काही दिसला नाही, असं १७२८च्या आपल्या ग्रंथात स्पष्ट लिहिलं. दोष त्यानेही साखरेला दिला. फ्रान्समधला किडा मेला. मराठीत तो अजून सुखात आहे. आपला दात अजून 'किडतो'च.

आणि गुंगीचं औषध? तिथेही दाताचीच माणसं. होरेस वेल्सने ११ डिसेंबर १८४४ रोजी लाफिंग गॅस हुंगून स्वतःची दाढ काढवून घेतली. महिन्याभराने बोस्टनमध्ये जाहीर प्रयोग केला, तर रोगी ओरडला आणि विद्यार्थ्यांनी वेल्सची हुर्यो उडवली. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी त्याच बोस्टनमध्ये मॉर्टनने ईथर देऊन बाजी मारली. तोही दातांचाच डॉक्टर. सगळी धडपड कशासाठी, तर दुखू नये म्हणून. न दुखणाऱ्या दाताकडे बघायला फुरसत कुणाला?

'दर सहा महिन्यांनी दात तपासा' हे वाक्य आपण वेदवाक्यासारखं ऐकतो. त्याला शास्त्राचा आधार काय, असा प्रश्न १९७७ साली ऑब्रे शीहॅम या दंतवैद्याने 'लॅन्सेट'मध्ये विचारला होता. २००४ साली ब्रिटनमध्ये जी मार्गदर्शक तत्त्वं निघाली, त्यांत प्रौढ माणसाने ३ महिन्यांनी यावं की २४ महिन्यांनी, हे त्याच्या तोंडाकडे बघून ठरवा असं सांगितलं. म्हणजे पंचांगाप्रमाणे नव्हे, पत्रिकेप्रमाणे! मी चिठ्ठीवर पहिला प्रश्न लिहिला : 'माझ्या तोंडाला किती महिने?' दुसरा : 'ब्रश कसा धरू, माझ्याच दातांवर दाखवा.' तिसरा : 'एक्स-रे काढायचाच का?' (पहिला दाताचा एक्स-रे १८९६ साली ऑटो वॉल्कहोफने स्वतःचाच काढला, २५ मिनिटं तोंडात काच धरून. हे सांगून डॉक्टरांवर छाप पाडायचा विचार होता.)

डॉक्टरीणबाई माझ्या धाकट्या भाचीच्या वयाची. "या काका, काय त्रास?"

"काही नाही. तपासायला आलोय."

"वा!" ती मनापासून म्हणाली आणि मी चिठ्ठी काढायच्या आत तिने माझ्या तोंडात आरसा, आकडा आणि लाळ ओढणारी नळी घातली. चिठ्ठीतले प्रश्न तोंड मोकळं असताना, म्हणजे खुर्ची आडवी व्हायच्या आधी विचारायचे असतात, हे एकाही ग्रंथात नव्हतं.

दातांवरून ती भरभर गेली. मग आरशाने गाल बाहेर ओढून आतून बघत राहिली. जीभ इकडे, जीभ तिकडे. बोटाने गाल चाचपला. दातांच्या तपासणीत दात सोडून हे काय, असं माझ्या मनात आलं.

"काका, सुपारी खाता?"

"छे! कधीमधी. जेवणानंतर."

"दिवसातून किती वेळा जेवता?"

मी गप्प. इतिहासाच्या मास्तराला खोटी साधनं पुढे करताना पकडलं होतं. अडकित्ता आजोबांचा, पितळी, मोराच्या घाटाचा. दुपारी कातरलेली सुपारी दाढेखाली असली की मला पेपर वाचता येतो. सहा-सात खांडं होतात, हे मी शेवटी कबूल केलं.

"तिखट झोंबतं का हल्ली?"

झोंबतं तर! सहा महिने झाले, आमटी पानात पडली की मी म्हणतो, आज मिरची जास्त झाली. सौ. म्हणते, चमचा तोच, हात तोच.

"तीन बोटं उभी धरून दातांमध्ये घाला बघू."

दोन गेली. तिसरं अडलं.

मग तिने नळी बाजूला ठेवली, खुर्ची सरळ केली आणि समजावून सांगितलं. सुपारीने गालाच्या आतली कातडी पांढुरकी, ताठ होत जाते, तोंड हळूहळू कमी उघडतं. १९५३ साली मुंबईच्या डॉ. एस. जी. जोशी यांनी या दुखण्याचं वर्णन केलं. यात ठणका नसतो, म्हणून माणूस येत नाही. येतो तेव्हा घास जात नसतो. काहींच्या बाबतीत पुढे कर्करोग. तंबाखू नसली तरी नुसत्या सुपारीनेही कर्करोग होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ साली जाहीर केलं आहे.

"तुमचं लवकर दिसलंय. ताठरपणा पूर्ण जाईल असं मी म्हणणार नाही, पण सुपारी आजपासून बंद. तोंडाच्या डॉक्टरांना चिठ्ठी देते, ते ठरवतील तुकडा तपासायचा की नाही. दात उत्तम आहेत तुमचे!"

चिठ्ठीतला पहिला प्रश्न तेवढा विचारला. तिने बोटांवर मोजलं आणि म्हणाली, "तुम्हाला तीन महिने."

घरी आलो. सौ.ने दारातच विचारलं, "काय काय विचारलंत?" मी सगळं सांगितलं. ती काही बोलली नाही. आत गेली, अडकित्ता घेऊन आली आणि तो माझ्या शिवकालीन नाण्यांच्या कपाटात ठेवून किल्ली कमरेला लावली. मग स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

"म्हणजे सहा महिने माझ्या आमटीला नावं ठेवत होतात, ते..."

मला उत्तर देता आलं नाही. आरशासमोर मी तोंडात तीन बोटं घालून उभा होतो.