हैदोस

लिंबागणेशची गाडी पकडायला बीडच्या एसटी स्टँडवर थांबलं, की बुकस्टॉलच्या मागच्या दोरीला चिमट्यात अडकवलेलं ते मासिक दिसायचं: ‘हैदोस’. विकणारा ते वर्तमानपत्रात गुंडाळूनच हातात द्यायचा. शृंगारकथांच्या मासिकाला चिकटलेला हा शब्द मुळात मात्र शोकाचा. मोहरमात सवारीपुढे ‘हाय दोस्त, दुल्हा’ अशी आर्त हाक उठायची; मराठी तोंडी तिचं ‘हैदोसदुल्ला’ झालं. दुल्हा म्हणजे नवरदेव. करबल्याच्या लढाईत इ.स. ६८० मध्ये मारला गेलेला कोवळा कासिम लोकपरंपरेत नवरदेवच मानला जातो. पुढे हाकेतलं रडणं गळालं, नाचगर्दीचा गलका तेवढा उरला. हैदोस म्हणजे धिंगाणा झाला. मासिकाने उचलला तो हा अर्थ. मला मात्र हा शब्द ऐकला की आधी मोहरमातल्या उदाचा वास येतो.