निनूच्या वाटेवर

साल १८७५, फेब्रुवारीची सुरुवात. वांचो नागांच्या डोंगरातली चढण संपता संपत नाही आणि तुमच्या खांद्यावर प्लेनटेबलची तिपाई आहे. आसामातल्या जयपूरहून आलेल्या इंग्रजांच्या मोजणी पथकातले तुम्ही खलाशी, म्हणजे मोजणीची अवजारं वाहणारे मदतनीस. पुढे कॅप्टन बॅजली आणि लेफ्टनंट हॉलकम, मागे बंदूकवाले शिपाई आणि हमालांची रांग.

माथ्यावर पोचताच हुकूम सुटतो, झाडं पाडा. नजर अडली तर मोजणी कशी व्हायची? कुऱ्हाडी चालतात, चारी दिशा मोकळ्या होतात. तुम्ही तिपाई रोवता, वर फळा बसवता, होकायंत्र पाहून तो उत्तरेला जुळवता. पितळी पट्टीच्या फटीतून साहेब लांबच्या, आधीच मोजलेल्या शिखरावर नजर धरतात आणि पट्टीलगत रेघ ओढतात. मग दुसरं शिखर, मग तिसरं. तिन्ही रेघा एका ठिपक्यात मिळाल्या, की आपण उभे आहोत ती जागा कागदावर पक्की झाली. उंचीसाठी तुम्ही चूल पेटवता. पाणी किती अंशावर उकळलं, त्यावरून माथ्याची उंची काढतात.

कमरेला दाव, म्हणजे लांब कोयता, लावलेले गावकरी हे सगळं निरखतायत. यंदा कोणत्या उतारावर झूमशेती, म्हणजे जंगल तोडून-जाळून फिरती शेती, करायची, शेजारच्या गावाची हद्द कोणत्या ओढ्याशी संपते, वैरी कुठल्या वाटेने येतो, हे त्यांना तोंडपाठ. तुमच्या कागदावर यातलं फक्त डोंगराची धार, ओढा आणि गावाचा ठिपका उमटतो. फौजेला तेवढं पुरतं.

२ फेब्रुवारीची सकाळ. निनू गावाचे लोक छावणीत सहज आल्यासारखे येतात आणि अचानक दाव उपसतात. हॉलकम आणि पथकातली सुमारे ८० माणसं मारली जातात. जखमी बॅजली उरलेल्यांना घेऊन माघारी वळतात. पळणाऱ्यांत तुम्हीही आहात.

मार्चमध्ये फौज येऊन निनू जाळते. मोजणी मात्र थांबत नाही. वर्षअखेरीस लोथा नागांच्या पांगती गावापाशी दुसऱ्या मोजणी पथकासोबतच्या कॅप्टन बटलर यांना जीवघेणी जखम होते, तरी त्यांच्यासोबतचे वुडथॉर्प नकाशाचं काम पुढे नेतात. १८७८ साली कोहिमाला इंग्रजांचं ठाणं बसतं आणि अंगामी नागांना घरटी कर द्यावा लागतो. मोजणीमागोमाग कोण येतं, हे ओळखायला निनूकरांना नकाशा वाचता येण्याची गरज नव्हती.