माकडताप: क्यासनूरच्या अरण्यातील विषाणूचा शोध

१/१२
मार्च १९५७. तत्कालीन म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्हा. क्यासनूरच्या अरण्यालगतच्या गावांत माणसे तीव्र तापाने अंथरुणाला खिळत होती. त्याच रानात वानरे आणि माकडे मरून पडत होती. या दोन घटनांना जोडणारा दुवा कसा सापडला, त्याचा हा इतिहास. #थ्रेड

२/१२
लक्षणे भयावह होती. अचानक चढणारा ताप, असह्य डोकेदुखी, अंगदुखी, लालबुंद डोळे. काही रुग्णांच्या नाकातून व हिरड्यांतून रक्तस्राव. प्रारंभी विषमज्वराचा संशय घेतला गेला. परंतु माकडांच्या मृत्यूची वार्ता आली आणि एका वेगळ्याच रोगाचे नाव पुढे आले: पीतज्वर.

३/१२
ही भीती निराधार नव्हती. दक्षिण अमेरिकेच्या जंगलांत माकडे मरू लागणे ही पीतज्वराची पूर्वसूचना मानली जाई. आशियात हा रोग कधीच शिरला नव्हता. मात्र त्याचा प्रसार करणारा एडीस इजिप्ती डास भारतात विपुल होता आणि येथील जनतेला त्या रोगाची प्रतिकारशक्ती नव्हती. संशय खरा ठरता, तर संकट एका जिल्ह्यापुरते उरले नसते.

४/१२
निर्णायक उत्तर देऊ शकेल अशी प्रयोगशाळा पुण्यात होती. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि रॉकफेलर फाउंडेशन यांनी १९५२ मध्ये स्थापन केलेले विषाणू संशोधन केंद्र, म्हणजेच आजची एनआयव्ही. डास, गोचिडी यांसारख्या जीवांमार्फत पसरणाऱ्या विषाणूंचा अभ्यास हेच तिचे मूळ कार्य. संचालक टेलफर्ड वर्क आणि कीटकतज्ज्ञ हॅरॉल्ड ट्रॅपिडो सहकाऱ्यांसह शिमोग्याला पोहोचले.

५/१२
तेव्हा पीसीआर चाचणी नव्हती. रुग्णाचे रक्त किंवा मृत माकडाच्या अवयवांचा अर्क पांढऱ्या उंदरांच्या तान्ह्या पिल्लांना टोचायचा आणि वाट पाहायची. पिल्ले आजारी पडली, तर त्यांच्या मेंदूतून विषाणू वेगळा करायचा. मग निरनिराळ्या ज्ञात विषाणूंविरुद्धच्या प्रतिपिंडांशी त्याची गाठ घालून तो कोणत्या कुळातला, हे ताडायचे.

६/१२
निष्कर्ष अनपेक्षित निघाला. माणसे आणि माकडे यांच्यात एकच विषाणू होता, पण तो पीतज्वराचा नव्हता. त्याचे जवळचे नाते निघाले रशियातील वसंत-ग्रीष्म मेंदूज्वराच्या विषाणूगटाशी. विज्ञानाला हा विषाणू सर्वस्वी नवा होता. त्याला नाव मिळाले त्या अरण्याचेच.

७/१२
हे नाते कळताच तपासाची दिशा बदलली. रशियातील तो रोग डासांमुळे नव्हे, तर गोचिडींमुळे पसरतो. त्यामुळे लक्ष रानातील पालापाचोळ्याकडे वळले. तेथे गोळा केलेल्या हीमॅफिसॅलिस स्पिनिगेरा जातीच्या गोचिडींमध्ये तोच विषाणू सापडला.

८/१२
आता रुग्णांचा आकृतिबंधही उलगडला. आजारी पडत होते ते सरपण तोडणारे, गुरे चारणारे, पाने गोळा करणारे. साथ डिसेंबर ते मे या कोरड्या महिन्यांत येई, कारण अर्धवाढ झालेल्या गोचिडी तेव्हाच सर्वाधिक असतात. मेलेल्या माकडाच्या अंगावरून उतरलेल्या गोचिडी भोवतालची जागा धोकादायक करत. माणसाकडून माणसाला मात्र हा रोग जडत नसे.

९/१२
एक प्रश्न उरला: उत्तरेकडील विषाणूचा हा नातलग दक्षिण भारतात कसा? स्थलांतरित पक्ष्यांवर संशय गेला. त्यातूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने, मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत सलीम अली यांच्या नेतृत्वाखाली पक्ष्यांना कडी घालण्याचा मोठा प्रकल्प उभा राहिला. पक्ष्यांनी विषाणू आणल्याचे सिद्ध झाले नाही. पण पक्ष्यांच्या प्रवासाविषयी मोलाचे ज्ञान हाती आले.

१०/१२
ज्ञानाची किंमतही मोजावी लागली. या विषाणूवर काम करणाऱ्या प्रयोगशाळेतील कर्मचाऱ्यांनाही त्याची लागण झाली. रशियन रोगाविरुद्धची लस वापरून पाहिली, ती येथे उपयोगी ठरली नाही. पुढे याच विषाणूपासून बनवलेली लस कर्नाटकात अनेक वर्षे दिली गेली. तिचे संरक्षण अपुरे ठरले आणि अखेर तिचा वापर थांबला. विषाणूवर नेमके औषध आजही नाही.

११/१२
विषाणू ओळखला गेला, पण थोपवला गेला नाही. १९८३ च्या सुमारास दक्षिण कन्नड जिल्ह्यात काजू लागवडीसाठी जंगल तोडले गेले आणि मोठी साथ उसळली: सुमारे दीड हजार रुग्ण, दीडशेच्या आसपास मृत्यू. २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गात तो प्रकटला. दोडामार्ग-बांदा परिसरात काजूच्या हंगामात बागेत राबणाऱ्यांना त्याने गाठले. कोकणात त्याला नाव पडले ‘माकडताप’.

१२/१२
१९५७ मध्ये उंदरांच्या पिल्लांवर दिवसचे दिवस चालणारी परीक्षा आज पीसीआर काही तासांत करते. पण रुग्णाचा नमुना प्रयोगशाळेत पोहोचतो तो माणूस आजारी पडल्यावर. रानात मेलेले माकड त्याआधी दिसू शकते. म्हणूनच आजही अशा माकडाला हात न लावता वनखात्याला वा आरोग्य केंद्राला कळवणाऱ्या गुराख्यापासूनच या रोगाच्या तपासाचा आरंभ होतो, जसा तो क्यासनूरला झाला होता.